पाण्याखालचा टॉर्च घेताना ल्युमेन शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळच्या गावातल्या तरुण मंडळाची काही पोरं पोहण्यात तरबेज आहेत. विहिरीत पडलेली मोटर, पाइप, भांडी काढून देतात. कधी वेदगंगेत कुणी बुडालं की शोधायला हाक येते. दिवाळीनंतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा करायचा बेत आहे. त्यासाठी ऑनलाइन ‘१२,००० ल्युमेन’चा (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) डायव्हिंग टॉर्च मागवला, सोबत ‘९९०० एमएएच’ (सेलच्या साठवणीचं माप) लिहिलेले दोन सेल आले. टॉर्च वीस मिनिटांत मंदावतो, आणि विहिरीत तर समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. तर कोणता टॉर्च घ्यावा, सेल कोणते, चार्जिंग कसं करावं?

तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. मंदावतोय तो सेलमुळे. धुकं दिसतंय ते टॉर्चच्या किरणाच्या कोनामुळे, आणि थोडं तुमच्या टॉर्च धरण्याच्या पद्धतीमुळे.

आधी धुकं. चोर्ला घाटात पावसाळी धुक्यात गाडीचा अप्पर लावला की रस्ता दिसायचा बंद होतो आणि डिप्परवर आलं की थोडा दिसतो. पाण्यात हेच होतं. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीचा गाळ इतका बारीक असतो की एकदा ढवळला की तासन्‌तास खाली बसत नाही. टॉर्चचा उजेड त्या कणांवर आपटून सरळ तुमच्या डोळ्यांत येतो. उजेड जेवढा जास्त आणि जेवढा पसरट, तेवढं धुकं दाट. तुमच्या टॉर्चला बहुधा बरेच एलईडी शेजारी शेजारी बसवलेले असतील आणि प्रकाश शंभर-एकशेवीस अंशात पसरत असेल. तो व्हिडिओसाठीचा प्रकार आहे, स्वच्छ पाण्यातला. विहिरीला आणि नदीला लागतो अरुंद किरण, ६ ते १० अंशांचा. पाचशे ल्युमेन त्या कोनात गोळा केलेले असतील तर गढूळ पाण्यात ते तीन हजार पसरट ल्युमेनांना भारी पडतात. किरणाच्या मधोमध किती जोर आहे हे कॅण्डेला या आकड्यावरून कळतं. विकणारा फक्त ल्युमेन सांगत असेल आणि कोन किंवा कॅण्डेला सांगत नसेल, तर मी तो टॉर्च बघतही नाही. खोक्यावरचं ‘बीम डिस्टन्स २८० मीटर’ वगैरे सगळं हवेतलं असतं. पाण्यात त्याचा उपयोग शून्य.

टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरू नका. हात बाजूला पूर्ण लांब करून, थोडा खालून, तिरका उजेड टाका. म्हणजे उजळलेले कण तुमच्या नजरेच्या वाटेत कमी येतात. फुल मोड सोडून मधल्या मोडवर या, बहुतेक वेळा जास्तच दिसेल. आणि टॉर्चपेक्षा मोठा उपाय फुकटचा आहे: मालकाला सांगून रात्रभर पंप बंद ठेवायचा, सकाळी पाणी निवळलेलं असताना उतरायचं, तळाला पाय लावायचा नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या विहिरींत हे जास्त चांगलं जमतं. तुमच्याकडे थोडं कमी, पण जमतं.

विहिरीसाठी आणखी एक युक्ती, जी मला कुठल्याही महाग टॉर्चपेक्षा आवडते. उजेड पोहणाऱ्याच्या हातात न देता वरून सोडायचा. १२ व्होल्टवर चालणारा वीसेक वॉटचा पाण्यात बुडवता येणारा एलईडी दिवा घ्या, त्याला वायर जोडून दोरीसोबत खाली सोडा, आणि वर ट्रॅक्टरची किंवा बाइकची बॅटरी ठेवा. दिवा डोळ्यापासून लांब राहतो, त्यामुळे धुकं कमी. सेल संपायची भीती नाही, दोन्ही हात मोकळे. फक्त वायर बारीक घेऊ नका. वीस वॉटला पावणेदोन अँपिअर लागतात. तीस मीटर लांबीची एक स्क्वेअर एमएमची वायर असेल तर जाऊन-येऊन साठ मीटर तांबं होतं, त्याचा रोध एक ओहमच्या थोडा वर, आणि दोन व्होल्ट वायरीतच खर्च होतात. अडीच स्क्वेअर एमएमची घेतलीत तर पाऊण व्होल्टवर भागतं. बॅटरीच्या टोकाशी फ्यूज लावा. वायर वरच्या माणसाच्या हातात ताणलेली असावी, सैल राहिली तर पायात गुंतते. आणि २३० व्होल्टचा बल्ब, हॅलोजन असलं काहीही, कुणी कितीही आग्रह केला तरी विहिरीत सोडायचं नाही. त्याच विहिरीत जुनी मोटर असेल तर नुसता स्टार्टर बंद करून समाधान मानू नका, फ्यूज काढून खिशात घ्या, मग उतरा. गळती करंटने पाण्यात माणसं गेलेली आहेत. झाकलेल्या, वापरात नसलेल्या विहिरीतल्या वायूचा विषय तर आणखी वेगळा. तिथे टॉर्चचा प्रश्नच येत नाही, तिथे अग्निशमन दलालाच बोलवायचं. पूर आलेल्या नदीचंही तेच.

आता सेल. इथे थोडं गणित करू, कारण गणित केलं की फसवणूक पाच मिनिटांत उघडी पडते.

तुमच्याकडे आले आहेत ते १८६५० आकाराचे असावेत. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकारासाठी. या आकारात जगातल्या चांगल्या कंपन्या ३५०० एमएएचच्या आसपासच बसवू शकतात. सर्रास मिळणारे उत्तम सेल ३००० ते ३५०० चे. म्हणजे ९९०० हा आकडा फक्त वेष्टनावर आहे, आत नाही. अशा सेलचं वेष्टन काढलं तर आत बरेचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला दमलेला सेल निघतो, कधी कधी तर त्याहून लहान सेल आणि भरणा. सोपी परीक्षा म्हणजे वजन. किराणा दुकानातला काटा नको, सराफाचा डिजिटल काटा हवा. खरा १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर पुढे काही तपासायची गरज नाही. उलट मात्र खरं नाही, वजन बरोबर भरलं म्हणून सेल चांगलाच असं समजू नका.

आता टॉर्च. पांढऱ्या एलईडीच्या टॉर्चमधून, ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं आतलं सर्किट) आणि काचेतले तोटे धरून, एका वॉटला साधारण शंभर ल्युमेन बाहेर पडतात. १२,००० ल्युमेन म्हणजे १२० वॉट. दोन खरे, ३५०० चे सेल घातले तरी ऊर्जा किती? ३.६ व्होल्ट गुणिले ३.५ अँपिअर-तास, म्हणजे एका सेलमागे १२.६ वॉट-तास, दोघांचे पंचवीस. १२० वॉटला हे तेरा मिनिटंही पुरणार नाहीत. शिवाय प्रत्येक सेलमधून सोळा-सतरा अँपिअर ओढावे लागतील, आणि ३५०० वाले सेल आठ-दहा अँपिअरच्या पुढे न्यायचे नसतात. म्हणजे दावा जमूच शकत नाही. तुमचा टॉर्च वीस मिनिटांत मंदावतो, सेल खरे हजार-बाराशे एमएएचचे असतील असं धरा, तर तो सुरुवातीला फार तर पंचवीसेक वॉट ओढतो. अडीच हजार ल्युमेन, तेही पहिल्या काही मिनिटांत. अडीच हजारांचे बारा हजार करून छापणं हा या धंद्यातला रिवाजच झालाय. एक ठोकताळा लक्षात ठेवा: टी६ किंवा एल२ जातीच्या एका एलईडीतून हजार-बाराशे ल्युमेनच्या वर काही निघत नाही. एलईडी मोजा आणि छापलेल्या आकड्याशी ताडून बघा.

हाच हिशोब उलटा केला की खरेदी सोपी होते. तुम्हाला एका बुडीला किती वेळ उजेड हवा? समजा तासभर, आणि वर अर्धा तास शिल्लक. हजार ल्युमेन म्हणजे दहा वॉट, दीड तासाला पंधरा वॉट-तास. एक १८६५० त्याला कमी पडतो. २१७०० आकाराचा ५००० एमएएचचा एकच सेल १८ वॉट-तास देतो, म्हणजे नेमका बसतो. म्हणून माझं उत्तर: एका २१७०० वर चालणारा, हजार ल्युमेनपर्यंतचा, अरुंद किरणाचा टॉर्च. दोन-तीन सेल एकापाठोपाठ लावायचे टॉर्च मी नवख्या गटाला सुचवत नाही. त्यातला एक सेल कमजोर निघाला की तो आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, तो उलटा चार्ज होतो, तापतो, वायू सोडतो, आणि हे सगळं घट्ट बंद केलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत. काय होतं ते सांगायला नको. दोन सेलचा टॉर्च हातात असेलच तर सेल एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच मॉडेलचे ठेवा, मार्करने ‘१अ’, ‘१ब’ आणि खरेदीची तारीख लिहा, आणि ती जोडी कधीही मोडू नका. चार्जही बरोबरच, वापरही बरोबरच.

सेल कुठले? सॅमसंगचा ५०ई हा २१७००, पाच हजारचा. १८६५० मध्ये एलजीचा एमजे१ साडेतीन हजारचा, दहा अँपिअरपर्यंत देतो. जास्त करंट लागणाऱ्या टॉर्चला सॅमसंग ३०क्यू, तीन हजार एमएएच पण पंधरा अँपिअर. पॅनासॉनिक, मुराता, मोलिसेल हेही भरवशाचे. नकली माल या नावांनीही येतो, म्हणून वजन आणि चाचणी चुकवू नका. सेलच्या शेपटीला संरक्षणाचं छोटं सर्किट असलेले ‘प्रोटेक्टेड’ सेल मिळतात. सिंगल सेलच्या टॉर्चला ते चांगले, पण सर्किटमुळे लांबी तीन-चार मिलिमीटरने वाढते. जबरदस्तीने कोंबले तर झाकण पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेलं झाकण म्हणजे आत पाणी. टॉर्चच्या कागदावर कोणत्या लांबीचा सेल चालतो ते बघूनच घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल जास्त शांत स्वभावाचे असतात, पण त्यांचा व्होल्टेज ३.२. साध्या लिथियम-आयनच्या टॉर्चमध्ये ते बदली म्हणून घालायचे नाहीत, आणि त्यांचा चार्जरही वेगळा.

चार्जिंगला मल्टिमीटर हवाच, तीनशे-चारशेचा चालतो. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा झाला की सेल काढा आणि मोजा. ४.२० व्होल्टच्या जवळ असायला हवा. ४.२५ च्या वर दाखवत असेल तर तो चार्जर फेका, सेल नाही. मग सेल तसाच तासभर ठेवा आणि परत मोजा. ४.१५ पर्यंत आला तर ठीक. ४.० च्या खाली घसरला तर सेल म्हातारा झालाय, पाण्यात नेऊ नका. वापरून आल्यावर ३.० च्या आसपास असेल तर तुम्ही जरा जास्तच ओढलंत. अडीचच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, तो उठला तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्यासारखा राहत नाही. महिनाभर वापर नसेल तर पूर्ण भरून नको, ३.७-३.८ वर ठेवा. पावसाळा संपेपर्यंत फडताळात पडून राहणारे सेल भरून ठेवले की लवकर मरतात.

तुमच्याकडे शेतीचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, संध्याकाळी वर-खाली होतं. चांगल्या यूएसबी ॲडॅप्टरवर चालणारा, प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा दाखवणारा चार्जर घेतला तर हा त्रास सेलपर्यंत पोहोचत नाही. टॉर्चसोबत येणारा तो भिंतीत खोचायचा हलका चार्जर ड्रॉवरमध्ये टाका. सेलच्या क्षमतेच्या अर्ध्या करंटने चार्ज करा, पाच हजारच्या सेलला दोन-अडीच अँपिअर. घाई नको. शहाबादी फरशीवर ठेवून, अंथरुणापासून आणि पोत्यांपासून लांब, आणि कुणी जागं असताना. रात्री लावून झोपायची सवय मोबाइलपुरती ठेवा. मुरुडेश्वरला जाताना कारच्या डॅशबोर्डवर उन्हात सेल ठेवू नका, ४५ अंशांच्या वर चार्जिंग तर करायचंच नाही.

टॉर्च बुडतो तो सहसा एका केसामुळे. झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा, एवढं पुरतं. प्रत्येक वेळी झाकण बंद करण्यापूर्वी रिंग बोटांनी ढकलून बाहेर काढा, पिन किंवा सुरीने नको. ती उजेडासमोर धरून हलकेच ताणत गोल फिरवा, चीर असेल तर तेव्हाच दिसते. खाच मऊ कपड्याने पुसा, सिलिकॉन ग्रीस इतकंच लावा की रिंग चमकेल, ग्रीसचा गोळा दिसता कामा नये. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंग अडवते. ग्रीस फक्त रिंग सरकायला. रिंग कुठल्या रबराची आहे हे माहीत नसेल तर व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसही तेच करतं. बदली रिंगांसाठी ऑनलाइन आठवडाभर वाट बघायची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम इतकं चालतं की तिथे नाइट्राइल रबराच्या ओ-रिंगा हव्या त्या मापात मिळतात. आतला व्यास आणि रिंगेची जाडी, दोन्ही कॅलिपरने मोजून न्या, नाहीतर जुनी रिंगच सोबत घेऊन जा. झाकणाला दोन रिंगा असलेला टॉर्च घ्या, एकीचा नको.

‘आयपीएक्स८’ असं छापलंय म्हणून तो डायव्हिंगचा होत नाही. एक मीटरपेक्षा खोल, निर्मात्याने सांगितलेल्या खोलीपर्यंत, एवढाच त्याचा अर्थ. ती खोली दोन मीटरही असू शकते. पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे तेहतीस फुटांना, एक वातावरण दाब वाढतो. वीस मीटरवर वरच्या तिप्पट. दाबून चालू होणारं रबरी बटण त्या दाबाने आपोआप दाबलं जाऊ शकतं. चुंबकाने सरकणारी कळ किंवा डोकं पिळून चालू करायचा प्रकार सगळ्यात चांगला. नवा टॉर्च आला की मी सेल घालत नाही. आत टिश्यू पेपरचा एक तुकडा ठेवतो, झाकण लावतो, दोरीला दगड बांधून खोल विहिरीत सोडतो आणि अर्ध्या तासाने वर काढतो. पुसून उघडल्यावर कागद कोरडा असेल तरच सेल आत जातो. तुमच्याकडे विहिरींची कमी नाही, ही चाचणी फुकट आहे. झाकण लावताना हवा कोरडी असावी. जुलैमधल्या दमट खोलीत बंद केलेला टॉर्च थंड पाण्यात गेला की काचेला आतून दव धरतं, आणि लोक समजतात पाणी शिरलं.

खरंच पाणी शिरलं तर वर आल्यावर टॉर्च स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे तोंड करून धरा आणि झाकण हळूहळू, थांबत थांबत सैल करा. समुद्राच्या पाण्यात सेल शॉर्ट होऊन आत वायूचा दाब साठलेला असू शकतो. सेल बाहेर काढून उघड्यावर, मातीवर ठेवा, तो परत वापरायचा नाही. टॉर्च गोड्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा. वाचला तर वाचला.

नेत्राणीचं काम वेगळं आहे. तिथे चांगल्या दिवशी पाणी इतकं स्वच्छ असतं की दिवसा टॉर्च लागतो तो कपारीत डोकावायला आणि रंग बघायला. लाल रंग पाण्यात पहिल्या पाच-एक मीटरमध्येच जवळजवळ संपतो, त्यामुळे खाली सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च टाकला की प्रवाळाचा खरा रंग परत येतो. याला पाचशे ते हजार ल्युमेन भरपूर. पसरट टॉर्च घ्यायचा तर कॅमेऱ्यासाठी, आणि तोही तिथे भाड्याने मिळतो का ते डायव्हिंगवाल्याला आधी विचारा. मालवण-तारकर्लीला आंबोलीमार्गे गेलात तर पाणी बरेचदा गढूळ मिळेल, तिथे पुन्हा अरुंद किरणच. समुद्रातून आल्यावर टॉर्च उघडण्याआधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. वाळूचा कण धुऊन गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. तारकर्लीच्या वाळूत तर किनाऱ्यावर उघडूच नका. सांबऱ्याहून विमानाने कुठे जाणार असाल तर सुटे सेल हातातल्या बॅगेत, प्रत्येक वेगळ्या डबीत, आणि टॉर्चमधला सेल काढून. असे टॉर्च पाण्याने थंड होतील या हिशोबाने बनवलेले असतात. बॅगेत चुकून चालू झाले तर कपडे जळतात. कोरड्यावर फुल मोडवर मिनिटभरापेक्षा जास्त लावूही नका.

प्रत्येक उतरणाऱ्याकडे दुसरा, छोटा टॉर्च असायलाच हवा. चांगल्या मोठ्या टॉर्चचा ड्रायव्हर बरेचदा शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग पटकन विझतो, आगाऊ सूचना मिळत नाही. छोटा टॉर्च मी मुद्दाम पेन्सिल सेलवर चालणारा ठेवतो. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घाला, आणि अगदीच अडलं तर गावातल्या दुकानातूनही सेल मिळतात. त्याला दोनशे ल्युमेन पुरेत, वर यायला तेवढा उजेड बस झाला.

सध्याचा टॉर्च परत घेत असतील तर आजच परत करा, ९९०० च्या सेलचा फोटो जोडून. घेत नसतील तर ते दोन सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. टॉर्चमध्ये चांगल्या सेलची जोडी घालून तो मंडपाला, गोठ्याला, गणपतीत रात्री ट्रॅक्टरमागे वापरा, फुल मोडवर नाही. पाण्यात तो परत न्यायचा नाही. आणि नवा घेताना आधी सेल आणि चार्जर विकत घ्या, मग टॉर्च. सेलवर बचत केली की टॉर्चचे पैसे वाया जातात.